छापखान्यातला खाना

मागच्या महिन्यात मुलीची मराठीची वही चाळत होतो. सातवीत आहे. निबंध होता 'माझे आजोबा'. तिने लिहिलं होतं, 'माझ्या आजोबांनी आयुष्यभर मेहनत केली.' 'मेहनत'खाली लाल रेघ, वर बारीक अक्षरात 'परिश्रम'. पुढे 'शहर'खाली रेघ, वर 'नगर'. वहीच्या कोपऱ्यात तिने 'तारीख' लिहून पुढे आकडे टाकले होते, तिथे 'दिनांक'. समासात शेरा: 'परभाषेतील शब्द टाळावेत.' गुण मात्र कापले नव्हते, दहापैकी आठ दिले होते. बाईंची हस्ताक्षरं सुंदर, वही मनापासून तपासलेली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ('तक्रार' हाही अरबीच, पण आता प्रत्येक शब्दाला थांबत बसलो तर लेख पुढे जायचा नाही.)

मुलगी रडली वगैरे नाही. तिचा प्रश्न व्यवहाराचा होता. "अब्बा, मग 'मेहनत' घरी बोलायचं आणि 'परिश्रम' शाळेत लिहायचं, असं आहे का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. ज्या आजोबांवर तो निबंध होता, ते आज असते तर त्यांनी दिलं असतं. माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. माणिकपूरहून वसई रोड स्टेशनपर्यंत पायी, मग लोकल, मग पुन्हा पायी, आणि दिवसभर खिळे जुळवायचे. सातवी शिकलेला माणूस, पण शब्द कुठे तुटतो हे त्यांच्या बोटांना कळायचं. ओळ भरून आली आणि शब्द मावेना, की तो कुठे तोडायचा हे कंपोझिटरलाच ठरवावं लागतं. 'कागदपत्र' हा शब्द 'काग' आणि 'दपत्र' असा तोडला तर प्रूफ वाचणारा ओरडणार. 'कागद' आणि 'पत्र' असाच तुटला पाहिजे. तेव्हा एक दिवस त्यांच्या ध्यानात आलं की यातला 'कागद' फारसीतून आलाय आणि 'पत्र' संस्कृतातला. दोघांचा अर्थ जवळपास एकच. मग घरी येऊन ते आम्हाला विचारायचे, "छापखान्यातला छाप कुणाचा आणि खाना कुणाचा, सांग बरं?"

आम्हाला तो खेळच होता. फुलदाणी: फूल मराठी, दाणी फारसी. बेचव: 'बे' फारसी, चव मराठी. गैरसमज: 'गैर' अरबी, समज आपली. दरवर्षी: 'दर' फारसी, वर्ष संस्कृत. बळजबरी, मानमरातब, लाजशरम, रीतिरिवाज, धनदौलत, थट्टामस्करी, अंगमेहनत, शेतजमीन, खर्चवेच. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. व्याकरणाच्या पुस्तकात यातल्या बऱ्याच शब्दांना द्वंद्व समास म्हणतात. द्वंद्व म्हणजे जोडी, आणि द्वंद्व म्हणजे झुंजही. मराठीने इथे झुंज न लावता जोडी लावून दिली. एका गावात दोन बोलणारी माणसं असतील तर दोघांनाही कळावं म्हणून दोन्ही शब्द शेजारी ठेवायचे, अशी ही पद्धत. 'लाज' ज्याला कळत नाही त्याला 'शरम' कळेल.

हे सगळं पुन्हा आठवायला आणखी एक निमित्त झालं. माझा भाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करतो. त्या दिवशी तो घरी होता. वहीतल्या लाल रेघा पाहून म्हणाला, "मामू, एक अशी भाषा आहे ज्यात शब्द जोडायचे नियम गणितासारखे आहेत. त्यात भांडणच नाही." भाषेचं नाव लोज्बान. मला वाटलं पोरगं थट्टा करतंय. पण त्याने दाखवलं ते पाहून मी दोन-तीन आठवडे त्याच नादात होतो, म्हणून तुम्हालाही थोडं सांगतो.

जेम्स कुक ब्राऊन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1955 साली लॉगलान नावाची भाषा घडवायला घेतली. माणसाची भाषा बदलली तर त्याचा विचार बदलतो का, हे त्याला तपासायचं होतं. त्यासाठी तर्काला धरून चालणारी, एका वाक्याचा एकच व्याकरणी अर्थ होईल अशी भाषा हवी. 1960 साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्याचा लेख आला आणि भाषेला चाहते मिळाले. पुढे याच भाषेवरून वाद झाला. ही भाषा कुणाच्या मालकीची? ब्राऊनच्या संस्थेचं म्हणणं, शब्दांवर आमचा हक्क. शेवटी 1987 साली काही चाहते वेगळे झाले. व्याकरणाचा सांगाडा ठेवला आणि शब्द मात्र सगळे नव्याने घडवले. ती लोज्बान. लॉगलान या नावाचा खटला अमेरिकेतल्या कोर्टात गेला आणि 1992 साली निकाल ब्राऊनच्या संस्थेविरुद्ध लागला. म्हणजे तर्काची भाषा बोलणाऱ्यांनाही शब्दांच्या मालकीवरून कोर्टकचेरी चुकली नाही. भाच्याला मी हे ऐकवलं, तेव्हा तो गप्प बसला.

लोज्बानचे मूळ शब्द सुमारे 1350. प्रत्येक पाच अक्षरांचा, म्हणजे रोमन लिपीतल्या पाच अक्षरांचा. हे शब्द कुठल्या एका भाषेतून घेतले नाहीत. चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी या सहा भाषांतले त्या अर्थाचे शब्द घ्यायचे, बोलणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे त्यांना वजन द्यायचं आणि सगळ्यांशी जास्तीत जास्त जुळेल असा आवाज संगणकाकडून काढून घ्यायचा. आईसाठी तिथे 'मम्ता' आहे. आपल्या कानाला तो ममतेचाच वाटतो. आता पाहा, हिंदी आणि अरबी एका तराजूत, एकाच शब्दाच्या पोटात. आमच्या वहीत ज्यांच्यामध्ये लाल रेघ आहे, ते तिथे एकत्र कढवलेले.

पण माझं मन रमलं ते जोडशब्दांच्या भागात. लोज्बानमध्ये दोन शब्द नुसते शेजारी ठेवता येतात. 'गेर्कू' म्हणजे कुत्रा, 'ज़्दानी' म्हणजे घर किंवा घरटं. 'गेर्कू ज़्दानी' म्हटलं की कुत्र्याशी कसलातरी संबंध असलेलं घर. कसला संबंध, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. कुत्र्याचं घर असेल, कुत्रे पाळणाऱ्याचं असेल, कुत्र्याच्या आकाराचंही असेल. अर्थ पक्का करायचा तर दोघांना छाटून एक करायचं. प्रत्येक मूळ शब्दाचे छोटे तुकडे ठरलेले असतात. 'गेर्कू'चा 'गेर', 'ज़्दानी'चा 'ज़्दा'. झाला 'गेर्ज़्दा', आणि त्याचा अर्थ एकच, कुत्र्याचं घर. भाषेचं नावही असंच: 'लोग्जी' म्हणजे तर्क, 'बांगू' म्हणजे भाषा, दोघांना छाटून लोज्बान. तुकडे जोडताना व्यंजनांची टक्कर झाली तर मध्ये एक आखूड 'अ' टाकायचा, पण कुणाचाही आवाज बदलायचा नाही. संस्कृतात संधी होते, सूर्य आणि उदय मिळून सूर्योदय होतो, दोघेही थोडे विरघळतात. लोज्बानमध्ये विरघळायला मनाई. मध्ये पंच उभा.

भाच्याला वाटलं, हे जगात पहिल्यांदाच घडतंय. मी त्याला म्हटलं, अरे, गाडी हा एक शब्द घे. बैलगाडी बैल ओढतो. मालगाडी माल ओढत नाही, माल तिच्यात बसतो. आगगाडीत आग बसत नाही, तिच्या जोरावर गाडी पळते. तिन्हीकडे नातं निराळं आणि लिहिलंय एकाच पद्धतीने. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा लोकांनी बैलगाडीच्या साच्यात आग घातली. समुद्रावर धूर सोडत जहाज आलं, तर इंग्रजांचं बोट घेऊन आगबोट केली. इथे कोणी नियम बसवले नव्हते, पण कुणाचा घोटाळाही झाला नाही.

शब्द छाटण्याची कलाही आपल्याकडे जुनी आहे. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मराठीने त्याचा 'नीस' केला आणि हव्या त्या शब्दाला चिकटवला. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस. फर्द, म्हणजे याद्यांचे कागद, सांभाळणारा फडणीस. घडलेल्या गोष्टी, वाकिये लिहिणारा वाकनीस. किल्ल्यावर हवालदार, सबनीस, कारखानीस. ही आज महाराष्ट्रातली चांगली चालणारी आडनावं आहेत, आणि त्यांच्या घरात कुणाला फारसी येत नाही. संस्कृत बाजूलाही हीच छाटणी: 'पंडित'चा 'पंत' झाला आणि जोडणीला लागला. पंतप्रतिनिधी, पंतसचिव, पंतअमात्य, पंतप्रधान. हिंदीत प्रधानमंत्री म्हणतात, आपण पंतप्रधान म्हणतो, आणि त्यातला 'पंत' म्हणजे छाटलेला पंडित, हे बातम्या वाचताना कुणाच्या ध्यानातही येत नाही.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण माझ्या मुलीच्या वहीतली लाल रेघ जुनी आहे. साडेतीनशे वर्षं जुनी.

1674 साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि दरबारातल्या पदांची नावं बदलली. पेशवा होता तो मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, वाकनीस मंत्री, सुरनीस सचिव, डबीर सुमंत, सरनोबत सेनापती. 1677च्या सुमारास महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला. राजवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग असे दहा वर्ग आणि त्यात जवळपास चौदाशे शब्द. रूढ फारसी-अरबी-दखनी शब्द आणि त्याला संस्कृत पर्याय, तोही श्लोकांत. आपल्याकडे याचा उल्लेख आला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, पाहा, महाराजांनी परकी भाषा हाकलली. दुसरा म्हणतो, हे असलं काही नव्हतंच. मला दोन्ही पटत नाहीत. नवं सिंहासन उभं राहिलं होतं. आदिलशाही आणि मोगलाईच्या कागदांवर ज्या शब्दांचा शिक्का होता, त्याहून वेगळा शिक्का नव्या राजाला हवा असणारच. नाणं पाडतात तसे शब्द पाडले. राजाने ते करावंच. त्यात मला, मुसलमान म्हणून, काही टोचत नाही. कुणाच्या धर्माला हात लावायला तो कोश झालेला नाही, दप्तरासाठी झाला.

आणि त्या कोशाची एक गंमत आहे. शब्द काढायचे तर आधी ते मांडावे लागतात. त्यामुळे सतराव्या शतकातल्या मराठीत कोणकोणते फारसी-अरबी शब्द रुळले होते, याची इतकी चांगली यादी दुसरीकडे मिळणं कठीण. ज्यांना बाहेर काढायचं होतं त्यांची हजेरी त्याच कोशाने घेऊन ठेवली.

पुढे काय झालं? 1713 साली बाळाजी विश्वनाथ त्या पदावर आले. शिक्क्यावर 'प्रधान' हे पद कोरलं, पण लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. राज्याला पेशवाई म्हणाले, प्रधानकी कुणी म्हणालं नाही. पेशव्यांचेच बंधू चिमाजी आप्पा 1739 साली आमच्या वसईवर आले आणि किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. पदनामाच्या यादीत हरलेला शब्द इथे किल्ला जिंकून गेला, असं अब्बा म्हणायचे.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी या उलाढालीचा हिशोब मांडला होता. त्यांनी तीन काळातले तीन कागद घेतले आणि शब्द मोजले. 1628च्या कागदात मराठी शब्द 14.4 टक्के, 1677च्या कागदात 62.7 टक्के, 1728च्या कागदात 93.7 टक्के. हे आकडे तेव्हापासून प्रत्येक भाषणात येतात. पण तीन कागद म्हणजे तीनच कागद. दरबारी हुकूम असेल तर फारसी शब्द जास्त असणार, घरगुती पत्र असेल तर कमी. आज माझ्या सोसायटीची नोटीस आणि माझ्या आईचं बोलणं तराजूत टाकलं, तर एकाच दिवशी दोन निराळी शतकं निघतील. राजवाड्यांच्या मेहनतीपुढे मी मान झुकवतो, पण या हिशोबावर इमारत बांधायला मी तयार नाही.

मग विसावं शतक. स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, 1924 ते 1937. त्या काळात त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ हाती घेतली. त्यांच्याबद्दल लिहिताना माझ्यासारख्याकडून लोक एका विशिष्ट सुराची अपेक्षा करतात, म्हणून आधीच सांगतो की मी त्यांचे शब्द रोज वापरतो. महापौर, दिग्दर्शक, चित्रपट, प्राध्यापक, वार्ताहर, अर्थसंकल्प, क्रमांक, विशेषांक. कितीतरी शब्द त्यांच्या नावावर आहेत आणि त्यातले बहुतेक सुंदर आहेत. 'मेयर'ला 'महापौर' म्हणणं याला कान लागतो. 'हुतात्मा' घ्या. हुत आणि आत्मा, ज्याने स्वतःची आहुती दिली तो. 'शहीद'चा मूळ अरबी अर्थ साक्षीदार, आपल्या मरणाने साक्ष देणारा. दोन्ही शब्दांत अख्खं तत्त्वज्ञान आहे, आणि दोन्ही निराळी. मुंबईत हुतात्मा चौकातून जाताना मला 'शहीद'ची उणीव भासली नाही. आणि मोहरमच्या दिवसांत 'शहीद' म्हणताना 'हुतात्मा' आठवला नाही. दोघांनाही भाषेत जागा आहे.

माझा मतभेद आहे तो इथे. नवा शब्द घडवणं वेगळं आणि जुना हाकलणं वेगळं. 'मेयर' कालचा पाहुणा होता. 'तारीख' शेकडो वर्षांची घरची. तुम्ही अर्जावर दिनांक छापू शकता, छापलाच आहे. पण कोर्टात तारीख पडते, दिनांक पडत नाही. लग्नाची तारीख काढतात. पगाराची तारीख असते. शब्दाच्या अंगाला असे जे धागे चिकटलेले असतात ते कोशात दिसत नाहीत, रोजच्या बोलण्यात दिसतात. लाल रेघ मारणाऱ्याला वाटतं आपण एकच खिळा काढतोय, आणि सगळी ओळ ढासळते.

या बाबतीत मला सावरकरांपेक्षा माधव ज्यूलियन जास्त बुचकळ्यात टाकतात. माधव त्रिंबक पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक. मराठीत गझल रुजवणारा माणूस. 1925 साली त्यांनी फारसी-मराठी कोश दिला, जो मी अजून उघडतो. 1936च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि 1938च्या मुंबईच्या संमेलनाचे अध्यक्ष सावरकर. त्याच 1938 साली माधवरावांचा 'भाषाशुद्धि-विवेक' आला. आधी ज्यांच्या कवितेत फारसी शब्दांची दाटी, तेच पुढे शुद्धीचे पुरस्कर्ते झाले. ज्याला त्या शब्दांची सगळ्यात जास्त ओळख, त्यानेच त्यांना दारापर्यंत पोचवायचं ठरवलं. मी यावर बरीच वर्षं विचार केलाय. रागाने केलं असं वाटत नाही. कदाचित ज्याला दोन्ही घरं माहीत असतात त्यालाच कधीतरी एका घरात राहून पाहावंसं वाटतं. 1939 साली ते गेले. आणखी वीस वर्षं मिळाली असती, तर परत फिरले असते का? हा माझा आपला एक लाडका प्रश्न.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, 1960 साली, भाषा संचालनालय निघालं. 'पदनाम कोश' आला तेव्हा त्याला 'बदनाम कोश' म्हणून हिणवलं गेलं. त्यातले किती शब्द आज मुकाट्याने चालतात! अब्बांच्या छापखान्यात सरकारी कामं यायची. त्यातले लांबलचक जोडशब्द जुळवताना ते म्हणायचे, हा शब्द माझ्या ओळीत बसत नाही, साहेबाच्या तोंडात कसा बसणार? 'अधीक्षक', 'अधिदान', 'प्रतिनियुक्ती'. काही बसले, काही गळून गेले. सरकार शब्द छापू शकतं, बोलायला लावू शकत नाही.

वसईत राहून शुद्ध भाषेची स्वप्नं पाहणं हा तर विनोदच आहे. 1534 साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि ते दोनशे वर्षं राहिले. आमच्या माणिकपूरच्या सेंट मायकल चर्चच्या घंटा मी लहानपणापासून ऐकतोय. शेजारी सामवेदी कुपारी कुटुंबं, घरात कादोडी बोलणारी. त्यांच्या मराठीला कुणी परकी म्हणून पाहावं, आणि याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होतात. पोर्तुगीज निघून गेले, पण 'पगार', 'चावी', 'पाव', 'बटाटा' ठेवून गेले. बटाटावडा म्हणजे पोर्तुगीज अधिक मराठी. वडापाव म्हणजे मराठी अधिक पोर्तुगीज. आणि 'पगारदार' म्हणजे तर पोर्तुगीज 'पगार'ला फारसी 'दार'. त्यात मराठीचं एकही अक्षर नाही, आणि त्याच्याइतका मराठी माणूस दुसरा नाही! सकाळी 8च्या चर्चगेट लोकलमध्ये बघा, सगळे पगारदार.

भाच्याच्या लोज्बानकडे परत येतो, कारण त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तिथे संस्कृतींची आणि भाषांची नावं म्हणून काही मूळ शब्द आहेत. 'पोर्तो' म्हणजे पोर्तुगीज. 'ख़्रीसो' म्हणजे ख्रिस्ती. 'मुस्लो' म्हणजे इस्लामी. 'ख़्राबो' अरबी, 'स्रीतो' संस्कृत, 'ख़िंदो' हिंदी, 'ख़ुर्दो' उर्दू, 'ग्लीशो' इंग्रजी. हिंदी आणि उर्दू दोघांचीही सुरुवात त्या ख़-ने, जो 'ख़ाना'मध्ये होता आणि मराठीत येताना साधा 'ख' झाला. वसईच्या किनाऱ्याला जे जे लागलं, त्या सगळ्यांना तिथे आपापलं मूळ आहे. मराठीला मात्र नाही. भाचा म्हणाला, मामू, बनवता येतो ना, बाहेरून शब्द घ्यायची सोय आहे, त्याचे वेगळे नियम आहेत. म्हणजे लोज्बानच्या घरी मराठी 'परभाषेतील शब्द' आहे. मला हसू आलं, आणि थोडं लागलंही. बाईंना एकदा हे दाखवावंसं वाटलं.

आणखी एक. लोज्बानमध्ये तीन शब्द ओळीने ठेवले तर डावीकडून गट पडतात. पहिले दोन आधी एकत्र, मग ती जोडी तिसऱ्याला. शेवटचे दोन आधी जोडायचे असतील, तर त्यांच्यामध्ये 'बो' असा एक छोटा शब्द घालावा लागतो. भाच्याने उदाहरण मागितलं, तर माझ्या तोंडून निघालं, 'मुस्लिम मराठी साहित्य'. 1990 साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हापासून या नावावर वाद ऐकतोय. डावीकडून गट पाडले तर मुस्लिम-मराठी असा एक समाज, आणि त्याचं साहित्य. 'बो' घातला तर मराठी साहित्य ही आधीची पक्की जोडी, आणि त्यात मुसलमानांनी लिहिलेला भाग. पहिल्या वाचनात आम्ही वेगळी खोली मागतोय. दुसऱ्या वाचनात आम्ही घरातच आहोत, आणि कोण कुठे बसलंय एवढंच सांगतोय. ज्यांनी संमेलन भरवलं त्यातल्या बऱ्याच जणांना दुसरा अर्थ हवा होता, बाहेरच्यांनी पहिला वाचला. आणि खरं सांगायचं तर, आमच्यातल्याही काहींना पहिलाच हवा होता. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, तेव्हा त्यांना हा प्रश्न पडला असेल असं वाटत नाही.

भाचा म्हणाला, "तुम्ही कुठला अर्थ घेता?"

मी म्हटलं, मी 'बो'वाला. तो म्हणाला, मराठीत 'बो' नाहीच, मग लोकांना कसं कळणार? बरोबर आहे त्याचं. आपल्याकडे असा शब्द नाही. ज्याचा त्याने ऐकून ठरवायचं, आणि ऐकणाऱ्याच्या मनात जे आधीपासून असतं तेच ऐकू येतं.

गेल्या आठवड्यात मुलीच्या एका फॉर्मसाठी तिचा जन्माचा कागद लागला. आमची नवघर-माणिकपूर नगरपरिषद 2009 साली वसई-विरार शहर महानगरपालिकेत गेली. 'महानगरपालिका', पूर्ण संस्कृत, एकही सांधा न दिसणारा शब्द, मधला 'शहर' तेवढा फारसी. मुलीनेच फॉर्म भरायला घेतला. वर 'अर्ज' छापलेलं, ते अरबी. खाली 'अर्जदाराची सही'. मधल्या रकान्यात 'दिनांक'. आणि मागायचं काय, तर जन्मदाखला. तिने पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग त्या शब्दाच्या मधोमध पेन्सिलीने बारीक उभी रेघ मारली, अब्बा प्रूफावर मारायचे तशी. जन्म, दाखला.

"यातला कुठला टाळायचा?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आधी फॉर्म भर, खिडकी एकला बंद होते. तिने रेघ खोडली आणि दिनांकाच्या रकान्यात आजची तारीख टाकली.